रयतेची माउली : लक्ष्मीबाई भाऊराव पाटील
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा एका अर्थाने वही उघडून पाहण्याचा दिवस असतो. पन्नास वर्षांत काय उभे राहिले, कोणी दिले, किती दिले, याची उजळणी होते. देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या पुसून लख्ख केल्या जातात. संस्थापकांच्या तसबिरींना हार घातले जातात. हे सारे योग्यच आहे. ज्यांनी दिले त्यांचे स्मरण ठेवणे हा धर्मच होय. परंतु प्रत्येक संस्थेच्या आणि प्रत्येक कुटुंबाच्या जमाखर्चात एक जमा अशी असते, की जिची पावती कधीच फाडली गेलेली नसते. ती जमा घरातल्या थोरल्या बाईची असते. पहाटे उठून पाणी गाळणारी, आल्यागेल्याला जेवू घालणारी, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी ही माउली हयात असते तोवर घरातल्या उजेडासारखी गृहीत धरली जाते. ती गेली म्हणजे मग दिवा कुठे होता ते कळते.

अशा एका माउलीचे आज पुण्यस्मरण करावयाचे आहे. ती जैन कुळात जन्मली, जैन कुळात नांदली आणि अखेर सगळ्या बहुजन समाजाची आई झाली. तिचे नाव लक्ष्मीबाई भाऊराव पाटील. कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्यांच्या सहधर्मचारिणीचे नाव त्या मानाने फारच थोड्यांच्या ओठी असते.

घराणे आणि संसार

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज हे गाव आपल्याला बाहुबलीच्या डोंगरामुळे परिचित आहे. याच कुंभोजला २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊरावांचा जन्म झाला. त्यांचे मूळ घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. दक्षिण महाराष्ट्रातील शेती करणाऱ्या, पाटीलकी सांभाळणाऱ्या दिगंबर जैन समाजातले हे घर. लक्ष्मीबाईही अशाच एका सधन पाटील घराण्यातल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयात लग्न झाले आणि अंगभर दागिने लेवून त्या या घरात आल्या.

सोने घेऊन आलेल्या या सुनेच्या वाट्याला मात्र सरळ संसार आला नाही. भाऊराव काही काळ शिकवण्या करीत, पुढे फिरते विक्रेते झाले. ओगल्यांची काच, किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीसाठी त्यांनी गावेच्या गावे पालथी घातली. विक्रीच्या निमित्ताने त्यांना शेतकऱ्याचे दारिद्र्य दिसले आणि त्या दारिद्र्याच्या मुळाशी असलेले अज्ञानही दिसले. त्याआधी १९१४ मध्ये कोल्हापुरातील गाजलेल्या डांबर प्रकरणात खोटी साक्ष देण्यास नकार दिल्यामुळे त्यांना तुरुंगवास आणि छळ सोसावा लागला होता. पती तुरुंगात आणि गावभर कुजबुज, अशा अवस्थेत घरातल्या तरुण सुनेने ते दिवस कसे काढले असतील, याची कोणत्याही चरित्रग्रंथात पुरेशी नोंद होऊ शकत नाही. सोसणाऱ्याच्या नावाने प्रकरण ओळखले जाते. त्याच्याबरोबर सोसणाऱ्याचे नाव मागे राहते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा घरांतली मुले एका छपराखाली राहू लागली, एका पंक्तीला जेवू लागली. त्या काळी ही गोष्ट बोलायला सोपी आणि करायला महाकठीण होती. ती करून दाखवण्याचे काम प्रत्यक्षात कोठे झाले, हे आज पाहावयाचे आहे.

चुलीजवळची क्रांती

भाऊराव स्वतः या परीक्षेतून विद्यार्थिदशेतच गेले होते. कोल्हापुरात वसतिगृहात राहत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटन समारंभास गेले. परत आल्यावर अंघोळ करून मगच भोजनगृहात या, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला. त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले आणि पुढे राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. हा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो आणि तो सांगण्याजोगाच आहे.

परंतु येथे एक बारीक भेद ध्यानी घेतला पाहिजे. भाऊराव पुरुष होते आणि महाराजांच्या छायेत सुधारणेचे वारे अंगावर घेत वाढले होते. लक्ष्मीबाई वाढल्या त्या सोवळ्याओवळ्याच्या कडक शिस्तीत. जैन घरातील स्वयंपाकघर म्हणजे काय, हे येथे बसलेल्या माता-भगिनींना सांगावयास नको. गाळलेले पाणी, निवडून-पाखडून घेतलेले धान्य, सूर्यास्तापूर्वीचे जेवण, चुलीपाशी कोणी यावे आणि कोणी येऊ नये याचे नियम. हे नियम मुलीच्या अंगात आईच्या हाताबरोबर उतरतात, पुस्तकातून नव्हे. म्हणून ते सोडणेही भाषण ऐकून होत नाही. नवऱ्याने दारातून एक मूल आत आणावे, त्याची जात साऱ्या गावाला ठाऊक असावी, आणि घरातल्या बाईने त्याला आपल्या चुलीपाशी बसवून ताट वाढावे, यासाठी स्वतःच्याच मनाशी किती झुंजावे लागले असेल!

लक्ष्मीबाई या झुंजीतून गेल्या. सुरुवातीला त्यांनाही हे जड गेले, हे त्यांच्या चरित्राचे मोठेपण कमी करणारे नाही, उलट वाढवणारे आहे. ज्याला काही सोडावेच लागले नाही त्याच्या त्यागाचे मोल काय करावे? हळूहळू त्यांनी ती मुले आपली मानली. मग त्यांच्या लेखी जात उरली नाही, भूक तेवढी उरली.

येथे एक प्रश्न आपल्यातील एखाद्या धर्मनिष्ठ ज्येष्ठाच्या मनात येऊ शकेल. लक्ष्मीबाईंनी धर्माचा नियम मोडला काय? याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. तीर्थंकरांच्या समवसरणाचे चित्र आपल्या मंदिरांच्या भिंतींवर असते. त्या सभेत देव बसतात, माणसे बसतात आणि पशुपक्षीही बसतात. सिंह आणि गाय एका सभेत निर्भय होऊन ऐकतात. जेथे पशूलाही मज्जाव नाही, तेथे माणसाच्या लेकराला मज्जाव करणारे सोवळे आपल्या धर्मात कोठून शिरले, याचा विचार आपणच केला पाहिजे. पाणी गाळून पिण्यामागे जीवदया आहे. माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवण्यामागे कोणती दया आहे? लक्ष्मीबाईंनी जे सोडले ते भय होते. धर्म त्यांनी सोडला नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. सगळ्या जातींची मुले एकत्र राहतात, जेवतात हे पाहून गांधीजींना अतिशय समाधान वाटले आणि आपल्या आश्रमात जे मनासारखे साधले नाही ते येथे साधले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे सांगितले जाते. त्या सोहळ्याचे श्रेय भाऊरावांना मिळाले आणि ते उचितच होते. पण गांधीजींना जे पाहून आनंद झाला, ती पंगत उभी राहिली होती एका बाईच्या मन:परिवर्तनावर. तिने जर चुलीपाशी हात आखडता घेतला असता, तर वसतिगृहाची घटना कागदावरच राहिली असती.

स्त्रीधन

आता सोन्याची गोष्ट. आपल्या समाजाला सोन्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वसतिगृहास प्रारंभी कोणतेही भरभक्कम उत्पन्न नव्हते. भाऊरावांनी पोटापाण्याचे व्यवसाय मागे टाकून सगळा वेळ या कामास वाहिला होता. गावोगाव फिरावे, मूठ-मूठ धान्य गोळा करावे, कोणी वर्गणी दिली तर घ्यावी, वाटेत हुशार आणि गरीब मुलगा दिसला की त्याला बरोबर आणावे, हा त्यांचा क्रम. ते साताऱ्याबाहेर असत, तेव्हा मागे राहत त्या लक्ष्मीबाई आणि भुकेलेली मुले. मिळकत अनिश्चित आणि जेवणारी तोंडे मात्र नक्की, हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याची झोप उडवील असा आहे.

हा हिशेब लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावरील दागिन्यांनी जुळवला. एकेक दागिना मोडला गेला. किराणा भरायला एक, धान्याला दुसरा, मुलांच्या कपड्यालत्त्याला तिसरा. शेवटी एक वेळ अशी आली, की वसतिगृहात शिजवायला दाणा उरला नाही. भाऊराव गावाला गेलेले. मुलांच्या तोंडाकडे पाहून त्या माउलीने गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि त्या पैशांतून धान्य आणून चूल पेटवली. ही हकीकत सांगणाऱ्यागणिक तपशील थोडाफार बदलतो. मूळ गोष्ट बदलत नाही.

त्या काळातील सौभाग्यवतीने मंगळसूत्र गळ्यातून उतरवणे म्हणजे काय, हे आजच्या पिढीला कदाचित पुरते उमगणार नाही. सोन्याचा तो सर्वांत लहान दागिना, पण बाई सर्वांत शेवटी देते तो हाच. गहाणवटीच्या पेढ्यांवर बसणाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. समोर मंगळसूत्र आले म्हणजे त्या घरात आता दुसरे काही उरलेले नाही, एवढे त्यांना न विचारता कळे. त्या काळी सोने तोलून घेणारे हात पुष्कळदा व्यापारी समाजाचेच होते, हेही आपण विसरू नये. तराजूच्या एका पारड्यात ते मंगळसूत्र होते. दुसऱ्या पारड्यात काय होते, ते आज महाराष्ट्राला दिसते आहे.

वाणिज्याच्या भाषेत बोलायचे तर धंद्याचे मूळ भांडवल कोणाचे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. रयत शिक्षण संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत. आशियातील मोठ्या शिक्षणसंस्थांत तिची गणना होते. तिच्या अगदी आरंभीच्या भांडवलात एका जैन स्त्रीचे स्त्रीधन आहे. हे भांडवल तिने भागधारक म्हणून दिले नाही, कर्ज म्हणून दिले नाही, पाटीवर नाव लागावे म्हणूनही दिले नाही. त्यावर तिने कधी व्याज मागितले नाही.

चार दाने आणि एक तप

आपल्या शास्त्रात आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. यांतील एखादे घडले तरी श्रावक स्वतःला धन्य मानतो. लक्ष्मीबाईंच्या त्या घरात ही चारही दाने रोज घडत होती. भाकरी थापली जाई ते आहारदान. घरापासून दूर असलेल्या मुलाला ताप आला की त्याच्या कपाळावर आईचा हात पडे ते औषधदान. जेवून मुले शाळेला जात ते शास्त्रदान. आणि ज्याला गावात देवळाच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर भिऊन वागावे लागे, त्याला या घरात न भिता बसता येई. याहून मोठे अभयदान ते कोणते?

याखेरीज सहा अभ्यंतर तपांत वैयावृत्याची गणना केली आहे. सेवाशुश्रूषा हे तप आहे, उपवासाइतकेच, किंबहुना त्याहून कठीण. उपवासाला आरंभ असतो, पारणे असते आणि पारण्याला चारजण कौतुकाला येतात. सेवेला पारणे नसते. आजारी सासूचे अंथरूण आवरणाऱ्या सुनेची, अर्धांगाने खिळलेल्या पतीला वर्षानुवर्षे भरवणाऱ्या वृद्धेची मिरवणूक निघत नाही. शास्त्रकारांनी सेवेला तपात स्थान दिले ते विचारपूर्वक दिले. आपण तिला 'घरचे काम' म्हणतो ते अविचाराने.

१९३० साली, ऐन उमेदीच्या वयात लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. चिरंजीव आप्पासाहेब तेव्हा लहान होते. वसतिगृहातील मुलांचीही आई गेली. १९३२ मध्ये पुण्यात सुरू झालेले युनियन बोर्डिंग त्यांनी पाहिले नाही. १९३५ चे अध्यापक विद्यालय पाहिले नाही, १९४० चे सयाजीराव हायस्कूल पाहिले नाही, १९४७ चे छत्रपती शिवाजी कॉलेज पाहिले नाही. पतीला १९५९ मध्ये पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली, तोही सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. त्याच वर्षी ९ मे रोजी कर्मवीरांनी जगाचा निरोप घेतला. लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांसमोर होती ती फक्त पेरणी. पीक दुसऱ्यांनी पाहिले. पुढे संस्थेने सोलापूरच्या आपल्या महिला महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले. जिने स्वतः शाळेचे सुख अनुभवले नाही, तिच्या नावाच्या दारातून आज मुली पदवी घेऊन बाहेर पडतात.

नवी मुंबईचे नाते

कोणी म्हणेल, हे सारे साताऱ्याचे झाले. खाडीपलीकडच्या या नव्या शहराचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध अगदी जवळचा आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि भातखाचरे, मिठागरे, आगरी-कोळी गावे यांच्या भूमीवर नवी मुंबई आकारू लागली. १९७९ मध्ये वाशीत रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले, तेच आजचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय. मुंबईतील घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने तुर्भ्याच्या बाजार आवारात आले. बाजाराबरोबर व्यापारी आला आणि त्या व्यापाऱ्याचा माल पाठीवर वाहणारा माथाडी कामगारही आला. हा कामगार बहुतांशी सातारा, सांगली, पुणे भागांतील डोंगरी गावांमधला. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला हक्काची मजुरी दिली. कोपरखैरणे, घणसोलीत त्याची वस्ती झाली आणि त्याची मुले वाशीच्या महाविद्यालयात जाऊ लागली.

म्हणजे पाहा, कशी ही गाठ पडली! आपल्या समाजातील अनेकांच्या गाळ्यांत ज्यांनी पोती वाहिली, त्यांची मुले ज्या संस्थेत शिकून हिशेबनीस, शिक्षक, अधिकारी झाली, त्या संस्थेच्या पायात आपल्याच समाजातील एका मुलीचे मंगळसूत्र आहे. गाळ्यातील गादीवर बसणारा आणि दारात पोते उतरवणारा या दोघांनाही जोडणारा हा धागा आहे, आणि दोघांपैकी बहुतेकांना त्याची कल्पना नाही.

आपल्यासाठी बोध

चतुर्विध संघात साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका अशी चार अंगे आहेत. त्यात श्राविकेचा वाटा पूर्ण चतुर्थांशाचा. आपल्या संस्थांच्या इतिवृत्तांत, आपल्या स्मरणिकांच्या पानांत तो वाटा किती दिसतो, हे सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येकाने आपल्या मनाशी पडताळून पाहावे. पर्युषणात शेकडो तपस्व्यांच्या पारण्याची व्यवस्था करणारे हात कोणाचे? गावाहून उपचारासाठी आलेल्या साधर्मी कुटुंबाला वाशी-नेरुळच्या दोन खोल्यांच्या घरात महिना-महिना सांभाळणारे हात कोणाचे? त्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत. त्यांपैकी काही हात आता थकले आहेत आणि काही कायमचे विसावले आहेत.

या निमित्ताने तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत.

पहिली, प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील आजी, आई, काकी, आत्या यांपैकी जिने घर सांभाळले तिची हकीकत लिहून काढावी. जन्मगाव, माहेर, तिने कोणाची सेवा केली, कोणाला शिकवले, कोणत्या प्रसंगी काय मोडले आणि काय उभे केले, एवढे जरी दोन पानांत उतरले तरी ते समाजाचे खरे दफ्तर होईल. हे काम ती हयात असताना, तिलाच विचारून झाले तर अधिक चांगले. मृत्यूनंतरच्या शोकसभेत तिच्याविषयी जे बोलले जाते, ते तिच्या कानांवर पडत नाही.

दुसरी, सेवा करणाऱ्याची सेवा व्हावी. ज्या घरात एखादी स्त्री एकटीने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करते आहे, तेथे आठवड्यातून एक दुपार समाजातील दुसऱ्या कोणीतरी जाऊन बसावे, म्हणजे तिला मंदिरात जाऊन येता येईल, स्वस्थ झोपता येईल. यास पैसा लागत नाही, मनुष्य लागतो.

तिसरी गोष्ट अवघड आहे, म्हणूनच ती अखेरीस. समाजाच्या ज्ञानदानाचे आणि अन्नदानाचे दार उघडताना जात आणि आडनाव विचारू नये. आपल्या शहरात आजही गावाकडून शिकायला आलेली मुले आहेत, ज्यांना राहण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे. त्यांपैकी एकाला जरी आपल्या पंक्तीला निःशंकपणे बसता आले, तरी लक्ष्मीबाईंचे स्मरण सार्थकी लागले असे म्हणता येईल. त्यांनी सोने दिले हे मोठेच. त्याआधी त्यांनी आपल्या मनातील उंबरा दिला, हे त्याहून मोठे. सोने पुन्हा घडवता येते. तो उंबरा एकदा ओलांडला की घर मोठेच होते, पुन्हा लहान होत नाही.

त्या माउलीस आणि आपणा सर्वांच्या घरोघरच्या अनाम माउलींस विनम्र वंदन.

जय जिनेंद्र.